हळवं स्टेअरिंग

डॉक्टरांनी माझे दोन्ही हात वर करून पाहिले, मागे वळवून पाहिले आणि विचारलं, "काय काम करता काका?"

"स्टेअरिंग," मी म्हटलं.

"म्हणजे ड्रायव्हर?"

"नाही. दुसऱ्यांची स्टेअरिंग."

त्यांना काही समजलं नाही, आणि मला समजावून सांगायचा कंटाळा आला. हल्ली कंटाळा फार येतो. हा लेख लिहायचाही आला होता. पण अंक काढणारी मंडळी आपल्याच आळीतली, घरी येऊन हटूनच बसली. "काका, तुम्ही जुन्या ट्रकांवर लिहा, त्यावर कुणी लिहीत नाही." कुणी लिहीत नाही कारण कुणाला वाचायचं नसतं, असं मनात आलं. चहा पिऊन जाताना त्यांनी विषय पक्का झाला असं स्वतःच ठरवून टाकलं.

माझं गॅरेज बडोद्यात, प्रतापनगर सोडून मकरपुऱ्याकडे निघालं की लागतं. आजोबा संस्थानच्या पागेत होते, घोड्यांचे लगाम सांभाळायचे. मी ट्रकांचे सांभाळले. आमच्या घराण्याची प्रगती एवढीच. इंजिनाला मी हात लावत नाही, ब्रेकला नाही, रंगाला तर नाहीच. ड्रायव्हरच्या हातातल्या चाकापासून रस्त्यावरच्या चाकापर्यंत जे काही आहे तेवढंच माझं. लोकांना वाटतं त्यात काय एवढं. त्यात एवढंच की, इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते आणि स्टेअरिंग तुटलं तर राहत नाही.

ज्यांनी ट्रक फक्त ओव्हरटेक करताना पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ड्रायव्हरच्या हातातल्या चाकाला खाली एक लांब दांडा असतो. दांड्याच्या टोकाला लोखंडी पेटी. पेटीत आटे पाडलेला रूळ, आणि त्या आट्यांत अडकलेला दात. चाक फिरवलं की रूळ फिरतो, दात सरकतो, पेटीबाहेर लटकणारा आर्म पुढेमागे होतो आणि तो पुढची चाकं ढकलतो. झालं. यात जोर फक्त माणसाचा. ड्रायव्हरच्या जेवणावर चालणारं यंत्र आहे हे. याला मॅन्युअल म्हणायचं. पावरमध्ये मधे तेल येतं. इंजिनावर एक छोटा पंप बसवतात, तो पट्ट्यावर फिरतो, तेलाला दाब देतो, आणि तुमच्या हाताचं काम तेल करतं. तुम्ही फक्त इच्छा दाखवायची.

मॅन्युअलच्या ट्रकाचं स्टेअरिंग उभ्या गाडीवर फिरवायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. चाकं जागच्या जागी घासतात आणि सगळा भार पेटीतल्या दातावर येतो. आधी गाडी जरा सरकू द्यायची, मग वळवायची. दुसरा धडा, अंगठे चाकाच्या आत अडकवायचे नाहीत. खड्ड्यात चाक आपटलं की वरचं चाक उलटा झटका देतं, आणि आत अडकलेला अंगठा त्याला काडीसारखा वाटतो. जुना ड्रायव्हर ओळखायचा असेल तर त्याचे अंगठे बघा, चाकावर नुसते टेकलेले असतात. पावरवाल्या पोरांना हे कुणी शिकवत नाही, कारण झटका त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

हल्ली माझ्याकडे पोटापाण्याच्या गाड्या कमी येतात, हौसेच्या जास्त. कुणाला भंगारात लांब नाकाचा जुना ट्रक सापडतो, आणि मग तो सजवून फार्महाऊसवर उभा करायचा असतो. पहिला प्रश्न ठरलेला, "काका, मॅन्युअल ठेवू की पावर टाकू?" मी म्हणतो, गाडीचं नंतर बघू, चालवणार कोण ते सांगा. याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला पावरच हवं होतं. मी विचारलं, गाडी कुठे जाणार? म्हणाला, "क्यांय नहीं काका, होटेलनी सामे ऊभी रहेशे." कुठेच नाही, नुसती उभी राहणार. मग पावर कशाला? तर म्हणे, गिऱ्हाइकांची पोरं वर चढून स्टेअरिंग फिरवतात, त्यांना जड जायला नको. मी पेटी आणि चाकं जोडणारा दांडा काढून ठेवला. आता पोरं दिवसभर फिरवतात, चाकं ढिम्म हलत नाहीत, सगळे खूश आहेत.

नंदेसरीचा एक कंत्राटदार मात्र डोक्यात गेला होता. त्यानं जुन्या टँकरवर कुठल्याशा ट्रकाची पावरची पेटी गावच्या वेल्डरकडून बसवून घेतली. ती बसली उलटी. म्हणजे डावीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे. ड्रायव्हर मला हसत हसत म्हणाला, "काका, आ तो ऊंधुं फरे छे, पण हवे टेव पडी गई." सवय झाली म्हणे! कारखान्याच्या आवारात तो तसाच चालवत होता. खाली वाकून बघतो तर आर्मलाही वेल्डिंगचा टाका. स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग करायचं नसतं, तुटलं तर फेकायचं असतं. मी सगळं गॅसनं कापून बाजूला टाकलं. कंत्राटदार ओरडला, मीही ओरडलो. तेव्हा ओरडायला ताकद होती.

आता ज्या गाडीबद्दल खरं लिहायचं आहे तिच्याकडे येतो. नावं बदलली आहेत.

बडोद्याजवळच्या पादरा गावचे सदाभाऊ. आमच्यासारखेच, पूर्वज फौजेबरोबर इकडे आलेले. सदाभाऊंनी जन्मभर पादऱ्याची भाजी आपल्या ट्रकातून ओढली, बडोद्याला, सुरतेला, कधी पार नाशकापर्यंत. मी माझ्या उस्तादांच्या हाताखाली काम शिकत होतो तेव्हापासून त्यांची गाडी आमच्याकडे यायची. मला ते अजून मधू म्हणतात. बायको लवकर गेली. एकच मुलगी, नलिनी. तिनं बापाचा धंदा घेतला आणि वाढवला. आता तिचे छोटे टेम्पो भाजी नेतात आणि ड्रायव्हर तिला घाबरतात. ती गुजराती शाळेत शिकली. मराठी बोलते, पण वाचायला घेतलं की दुसऱ्या ओळीला मान टाकते. एका अर्थी बरंच आहे, नाहीतर मला हे लिहिता आलं नसतं.

सदाभाऊंचा ट्रक त्यांच्या भाजीच्या वखारीमागे निंबाखाली उभा होता, चाकं जमिनीत रुतलेली. भाऊही तसेच, ओट्यावरच्या खुर्चीत रुतलेले. दोन्ही खांदे कामातून गेलेले. कारण डॉक्टर काहीही सांगोत, मला ठाऊक आहे. भरलेला ट्रक, मॅन्युअल स्टेअरिंग आणि घाटातली वळणं, हे सगळं शेवटी खांद्यांतच जाऊन साठतं. दिवसभर ते ट्रकाकडे बघत बसायचे. एक दिवस नलूला म्हणाले, "एकदा चालवायचाय. दसऱ्याला पूजा करून एकदा फिरवतो, मग भंगारात दे." बापानं कधी काही मागितलं नव्हतं. तिनं ट्रक क्रेननं उचलून आणला. इंजिन, ब्रेक, केबिन ज्याचं त्याच्याकडे गेलं. परवानग्यांची भानगड तिनं निस्तरली. स्टेअरिंग माझ्याकडे आलं.

आल्या दिवशीच माझ्या गॅरेजात बापलेकीची जुंपली.

"मधुकाका, स्टेअरिंग एकदम हळवं करून टाका," नलू म्हणाली.

"हलकं म्हण," सदाभाऊ म्हणाले. "हळवं माणूस असतं."

इथे बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. गुजरातीत हलक्याला हळवुं म्हणतात. बडोद्याच्या मराठीत तो शब्द कधी येऊन बसला ते आम्हालाही कळलं नाही. आमच्याकडे पिशवी हळवी असते, जेवण हळवं असतं, स्टेअरिंगही हळवं असतं. पुण्याहून आलेल्या एका हौशी गिऱ्हाइकानं मला विचारलं होतं, हळवं म्हणजे काय हो, रडतं का? सदाभाऊ मात्र या बाबतीत कडक. बाहेर गुजराती अस्खलित बोलतील, पण घरच्या मराठीत भेसळ चालायची नाही. मुलीला ते लहानपणापासून या एका शब्दावरून टोकत आले, आणि तीही त्यांच्याइतकीच हट्टी, तोच शब्द वापरत आली.

"बरं, हलकं," ती म्हणाली. "पावर टाका काका."

"पावर टाकायचं नाही."

"पप्पा, हात उचलत नाही तुमचा."

"गाडी मी चालवायची आहे ना? मग पंपानं कशाला चालवायची? पावर टाकलंत तर मी चढणार नाही. मधू, ऐकलंस?"

मी ऐकलं. पण मी आणखीही काही ऐकत होतो. बोलताना त्यांनी हात वर करायचा प्रयत्न केला आणि तो छातीशीच अडला. ते स्टेअरिंग त्या हातांनी फिरणार नव्हतं. किंगपिन नवे टाकले, म्हणजे पुढची चाकं ज्या जाड खुंटीभोवती वळतात ती बदलली, ग्रीस भरलं, टायरात हवा चढवली, की बराच फरक पडतो. निम्मा जडपणा पेटीचा नसतोच, दुर्लक्षाचा असतो. पण उरलेला निम्मा त्यांच्यासाठी पुष्कळ होता. वखारीच्या फाटकातून बाहेर पडायलाच एक काटकोनातलं वळण आहे. तिथे अर्ध्यात अडकले असते, भिंतीशी, सगळ्यांच्या देखत.

दोन दिवसांनी नलू एकटी आली. टेम्पो बाहेर उभा करून स्टुलावर बसली.

"काका, पावर टाका आणि पप्पांना सांगू नका."

"नलू, ते ड्रायव्हर आहेत."

"चाक जुनंच ठेवा, मोठंवालं. पंप खाली लपवा. विचारलं तर सांगायचं, किंगपिन बदलले म्हणून हळवं झालं. त्यांना खबर पडता कामा नये." मग म्हणाली, "दसऱ्याला त्यांच्याच्यानं वळलं नाही ना काका, तर ते त्या खुर्चीतून परत उठणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

तीही खरं बोलत होती, भाऊही खरं बोलले होते. तरुणपणी मी यावर तासभर वाद घातला असता. गिऱ्हाईक कोण, गाडी कुणाची, शब्द कुणाचा. आता मी थकलोय, आणि थकलेला माणूस लवकर हो म्हणतो. मी हो म्हटलं.

काम सोपं नव्हतं. जुन्या ट्रकाची चेसिस माणसाच्या जोरासाठी बांधलेली असते, तेलाच्या जोरासाठी नाही. पावरची पेटी नुसती बोल्टनं अडकवली तर काही दिवसांत तिथे चेसिसला चीर जाते. म्हणून आतून जाड पट्टी लावली, भोकं नव्यानं पाडली, बोल्ट आरपार घातले. पंप इंजिनाच्या खालच्या अंगाला, डायनॅमोच्या आडोशाला बसवला. तेलाचा डबा बॅटरीमागे, नळ्या काळ्या रंगवून चेसिसच्या कडेनं नेल्या. बॉनेट उघडून कुणी बघितलं असतं तर समजलं असतं, पण ते लोखंडी बॉनेट उचलायला भाऊंचे खांदे नव्हते. किंगपिनही मी खरोखरच नवे घातले. निदान तेवढं बोलताना अडखळायला नको. लोक म्हणतात काका, हे तुमचं सगळ्यात सफाईदार काम. असेल. आतापर्यंत माझं चांगलं काम मी बॉनेट उघडून दाखवत आलो होतो, हे झाकत होतो, आणि त्याचा मला वैताग येत होता.

गेल्या दसऱ्याला सकाळी पादऱ्याला गेलो. ट्रक धुऊन पुसून उभा, नाकावर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. नलूचे ड्रायव्हर नवे कपडे घालून आले होते. भाऊंनी पूजा केली. दोघांनी खालून आधार देऊन त्यांना वर चढवलं. नलू शेजारी बसली, मी पलीकडे दाराशी. भाऊंनी दोन्ही हात चाकाच्या खालच्या बाजूला ठेवले. तिथपर्यंतच ते पोचत होते. अंगठे बाहेर.

गाडी सुरू झाली. आधी सरकू दिली, मग वळवली. फाटक जवळ आलं. ट्रक त्या काटकोनातून सुईत दोरा जावा तसा बाहेर पडला. मागे ड्रायव्हर लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ समोर बघत होते. वखारीमागच्या कच्च्या रस्त्यानं आम्ही शेतांच्या कडेनं गेलो, कपाशी, तूर, मधे एक ओढ्याचा उतार, पलीकडे मंदिराच्या पटांगणात वळून परत. ओढ्यापाशी मोठा खड्डा होता. गाडी धाडकन आपटली, नलूनं मला धरलं, भाऊंचे हात मात्र चाकावर तसेच, स्थिर. तेव्हा त्यांनी एकदा खाली आपल्या हातांकडे पाहिलं. मग परत समोर.

आवारात येऊन त्यांनी इंजिन बंद केलं.  नलू त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पादऱ्याच्या आडतीत भल्याभल्यांना गप्प करणारी ती बाई निकालाच्या दिवशीच्या पोरीसारखी दिसत होती.

"काय पप्पा? कसं वाटलं?"

"छान," ते म्हणाले. "छान हळवं झालंय."

नलूचे डोळे भरून आले. तिला वाटलं, बापानं आज तिचा शब्दही मान्य केला. तिनं त्यांच्या दंडावर डोकं टेकलं. मी मात्र चमकून भाऊंकडे पाहिलं. कारण या माणसानं हा शब्द असा कधीच वापरला नव्हता, आणि चुकून वापरणाऱ्यातला तो नव्हता.

खाली उतरल्यावर ते खुर्चीत बसले. "नलू, आपट्याची पानं आण. मधूला सोनं द्यायचंय," म्हणाले. ती आत गेली. ती दारातून दिसेनाशी झाल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंपाचा पट्टा ढिला आहे. पुरतं वळवलं की ओरडतो. आवळून घे."

 मी त्यांच्या खुर्चीजवळ सरकलो.

"फाटकातच कळलं?" मी विचारलं.

"फाटकात वाटलं. ओढ्याला कळलं. खड्ड्यात गेलो आणि खड्डा हातापर्यंत आलाच नाही." त्यांनी तळवे उलटे करून पाहिले. "गाडी चालत होती मधू. मी नव्हतो चालवत."

ते वाक्य ऐकून मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "भाऊ, जुनी पेटी आहे माझ्याकडे, जपून ठेवलीय. म्हणाल तर परत बसवून देतो."

"आणि मग? फाटकात अडकू?" ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "राहू दे. पोरगी रोज सकाळी मला शर्ट घालून देते. बाही चढवताना रोज म्हणते, आज हात जरा वर गेला पप्पा. जात नाही. मी हो म्हणतो. तसंच हे." मग म्हणाले, "तिला सांगायचं नाही. मला कळलं हे तिला कळता कामा नये."

मी पाना घेतला आणि बॉनेट उचललं. माझाही खांदा कळवळला. पट्टा खरंच ढिला होता. हा माणूस केबिनमध्ये बसून, इंजिनाच्या त्या सगळ्या गोंगाटात, पट्ट्याची एक किंकाळी वेगळी काढून ऐकतो, आणि त्याला आम्ही फसवायला निघालो होतो.

नलू ताटलीत पानं घेऊन आली. मला वाकलेला बघून जवळ आली, अगदी कानाशी. "काय झालं काका? काही बिघडलं?"

"काही नाही. पंख्याचा पट्टा जरा आवळतोय."

"पप्पांना खबर नाही ना पडली?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं सुटकेचा श्वास सोडला. मग बापाकडे गेली, त्यांच्या मांडीवरच्या हातात पानं ठेवली आणि नमस्काराला वाकली. भाऊंनी आशीर्वादासाठी हात उचलला. तो छातीपाशी आला आणि थांबला. नलू आणखी खाली झाली, गुडघे जमिनीला टेकले, मान झुकवली, इतकी की त्यांची बोटं तिच्या केसांना लागली.

"बघा पप्पा," ती तशीच खाली बघत म्हणाली, "आज पोचला हात."

"हो," सदाभाऊ म्हणाले. "पोचला."